चांदीचं वाण

रत्नप्रभाने पिशवीतून करंडा काढून टेबलावर ठेवला आणि सदाशिवच्या हातातलं पेन थांबलं.

करंडा चांदीचा होता. चांगला जड, झाकणावर मोर.

"मधुमतीबाईंकडचं संक्रांतीचं वाण," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना स्टीलच्या वाट्या. मी नको नको म्हणतेय, तर त्यांनी ओटीतच घातला."

मधुमतीबाई म्हणजे राजन कारखानीसांची बायको. आणि कारखानीस म्हणजे एका विलायती बँकेचे जयपूरचे मॅनेजर. त्या बँकेची सरकारी तपासणी सदाशिवने नुकतीच संपवली होती. अहवाल उद्या द्यायचा होता. आत्ता तोच त्याच्यासमोर होता.

"सकाळी परत देऊन ये."

"वाण कधी कुणी परत करतं का? आणि करून तरी काय? तुमच्या साहेबांच्या बायकोदेखत दिलंय. जवाहर नगर, राजा पार्क, झाडून सगळ्या मराठी बायका होत्या. घेतलेलं सगळ्यांनी पाहिलं. परत केलेलं कोण बघणार?"

जानेवारीच्या थंडीत, अंगात स्वेटर असताना सदाशिवला घाम फुटला. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने परमुलखातलं चाळीस घरांचं मराठी मंडळ पाहिलेलं नसतं.

खरी पंचाईत पुढेच होती. बँकेत वावगं काही सापडलंच नव्हतं. सतरा वर्षांच्या नोकरीत इतका चोख कारभार त्याने बघितला नव्हता, आणि काल अहवालात त्याने तसंच लिहिलं होतं, अगदी मनापासून. आता तीच पानं वाचताना त्याला लाज वाटू लागली. चांगला म्हणून लिहिलेला प्रत्येक शब्द पैसे घेऊन लिहिल्यासारखा दिसत होता.

"अगं, त्यांना द्यायची काही गरजच नव्हती!" तो कळवळून म्हणाला.

मग त्याने टिपणांची वही ओढली आणि ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून वाचायला घेतली. शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणारी पोरं 'वो काटा' म्हणून ओरडत होती.

"काय शोधताय?"

"चूक."

एक मिळाली. त्र्याऐंशी सालचं परवान्याचं शुल्क सरकारात एक दिवस उशिरा भरलं गेलं होतं. ड्राफ्ट घेऊन निघालेला नागनाथ नावाचा कारकून वाटेत मोर्चात अडकला आणि खिडकी बंद झाल्यावर पोचला. सदाशिवने हे स्वतः त्याला विचारलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं.

त्याने शेवटचं पान फाडलं. नवं घेतलं. 'शुल्क भरण्यात विलंब. गंभीर हलगर्जीपणा. संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी.'

रत्नप्रभा मागे उभी राहून वाचत होती. "कारवाई मतलब? काढतील त्याला?"

"काढतीलही. पण माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

"एवढी मोठी चूक होती, तर काल का नाही लिहिलीत?"

सदाशिवने सही केली आणि खाली तारीख घातली. कालची.