चांगली जागा

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत फोटोग्राफर सकाळपासून एक चांगली जागा शोधत बसला होता. खरं तर तो तिथला तंत्रज्ञ. पण फोटो इतके देखणे काढायचा की सगळी प्रयोगशाळा त्याला फोटोग्राफरच म्हणायची, आणि ते त्याला मनातून आवडायचंही. आज पडद्यावर किडनीचा तुकडा होता. डबीवर नुसता नंबर, नाव नाही. तरी तो कुणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुकडा काढला त्या दिवशी बायकोच्या उशाशी तोच बसला होता.

किडनीच्या गाळणीला बारीक बोटं असतात, कंगव्याच्या दातांसारखी सुटीसुटी. बायकोच्या गाळणीची बोटं एकमेकांना चिकटून सपाट झाली होती. जिकडे सरकावं तिकडे तेच. रोज सकाळी तिचा चेहरा का सुजतो, ते आता कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी एका कोपऱ्यात चार सुटी बोटं सापडली. मग त्याने जीव ओतून त्याच कोपऱ्याचे फोटो काढले. जरा डावीकडून, जरा उजवीकडून, अगदी जवळून. सपाट जागेचा एकच घेतला, तोही नाइलाजाने. खोटं काही केलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच.

तपासणीचा अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंनी फोटो टेबलावर मांडले, निरखून पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"साध्या मायक्रोस्कोपखाली काही सापडलं नव्हतं, म्हणून मला आशा होती," त्या म्हणाल्या. "पण हे मधूनमधून बिघडलंय. कुठे चांगलं, कुठे सपाट. म्हणजे आत कुठेतरी वण पडायला लागलेत. याला औषध फारसं लागू पडत नाही हो."

"आणि सगळीकडेच सपाट असतं तर?"

"तर मी आत्ता हसत असते. तो आजार दिसायला भयंकर, पण बहुतेकदा गोळ्यांनी बरा होतो. बोटं पुन्हा सुटी होतात."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी त्याची गत झाली. देखणं तेवढंच टिपायची इतक्या वर्षांची सवय, आणि तिच्यात बायकोवरची माया मिसळलेली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मॅडम, मी निवडून काढलेत," तो म्हणाला. "चांगली जागा ती तेवढीच होती. ही माझी बायको आहे."

बाई चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत उठल्या.

"मग आता निवडायचं नाही. एका कडेपासून सुरुवात करा आणि दुसऱ्या कडेपर्यंत समोर येईल ते काढा. चला, मी शेजारी बसते."

खोलीतला दिवा मालवला. बाईंनी स्टूल ओढून घेतलं. पहिली जागा आली, सपाट. त्याने फोटो घेतला आणि पुढे सरकला. हीही सपाट. बाईंनी मान हलवली. तो आणखी पुढे सरकला. त्या कोपऱ्याखेरीज कुठे एकही धड बोट दिसू नये, म्हणून तो आता देव पाण्यात घालून बसला होता.