मधली टाईल

"बाबांची नजर बरोबर फाटकावर आली पाहिजे, मुबारकभाई." नानासाहेबानं मोटारसायकलवरूनच वर पाहिलं.

पुंडलिकनगरातल्या नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर वडिलांचा फोटो तीन टाईलवर छापून बसवला होता. वर फेटा, मध्ये डोळे, खाली मिशी.

"आली की," परांचीवरून मुबारक म्हणाला. "आता चोराची हिंमत नाय."

"चोराचं सोड," दारातून त्याची आई, मनकर्णाबाई, म्हणाल्या. "घरातलंच कोणी बाहेर पडायचं नाय."

मुलगा हसला आणि ऑफिसला गेला.

थोड्या वेळानं मनकर्णाबाई पिशवी घेऊन निघाल्या. नवरा, तात्यासाहेब, गेल्यावर, उतारवयात, त्या एकट्या भाजीला जायला शिकल्या होत्या. फाटकाच्या कडीला हात लावला आणि पाय थांबले. मानेवर काहीतरी टेकल्यासारखं झालं. त्यांनी वळून भिंतीकडं वर पाहिलं.

"मेथी घेऊन येते. लगेच येते."

"जा की मावशी," मुबारक म्हणाला. "मला कशाला विचारता?"

त्यांनी कडी सोडून दिली, पायरीपाशी परत आल्या आणि रिकामी पिशवी हातात घेऊन बसून राहिल्या.

मुबारक थापीच्या मुठीनं एकेक टाईल वाजवून बघत होता. फेट्याचा आवाज भरीव आला. मिशीचाही. डोळ्यांचा आला नाही.

"पोकळ राहिली," तो म्हणाला. "चिकटवायचं केमिकल नुसतं कोपऱ्याला लागलंय. ही पश्चिमेची भिंत, लई तापते. वैशाखापर्यंत निसटून खाली येईल."

मनकर्णाबाई उठून भिंतीजवळ आल्या.

"हळू बोल."

मुबारकनं इकडंतिकडं पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. त्यानं छिन्नी सांध्याला लावली. "आत्ता काढून पक्की बसवतो."

"नको. राहू दे."

"मावशी, कोणाच्या डोक्यात पडंल."

"तिथं कोणी उभं राहणार नाय."

"आन् साहेबांना काय सांगू?"

"बसली म्हण."

मुबारक छिन्नी हातात धरून थांबला. त्यानं टाईलवरच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग खाली बाईंकडं. छिन्नी पिशवीत टाकून तो शेजारची करडी टाईल वाजवू लागला.

मनकर्णाबाईंनी अंगणातली जास्वंदीची कुंडी दोन्ही हातांनी ओढत त्या भिंतीखाली आणली. मग दुसरी आणली. माणूस उभा राहील एवढी जागा उरली नाही तोवर, मान वर न करता, त्या कुंड्या लावत राहिल्या.