सरांच्या रजेआधी

"एकोणतीस!" सरांनी आतून पुकारलं आणि ती आत गेली. एकोणतीस नंबर तिचाच होता.

शिक्षकांच्या खोलीत भूगोलाचे सर एकटेच बसले होते. सोमवारपासून ते तीन आठवडे रजेवर जाणार होते, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. चाचणीचे मार्क मात्र मोठ्या बाईंना आजच्या आज हवे होते. सरांना तर हल्ली फळ्यावरचं स्वतःचं अक्षरही लागत नव्हतं. म्हणून त्यांनी तोड काढली होती. एकेकाने आत यायचं, गठ्ठ्यातून आपला पेपर शोधायचा आणि मोठ्याने वाचायचा. सर ऐकून मार्क देणार. चोराच्या हाती किल्ल्या, म्हणून सगळा वर्ग बाहेर खिदळत होता.

ती खिदळत नव्हती. तिच्या पेपरवर तिचं नाव होतं, नंबर होता, खाली पट्टीने ओढलेली रेघ होती. बाकी काही नव्हतं.

दर वेळी असंच व्हायचं. घरी तिला सगळं यायचं. धाकट्या भावाला शिकवताना तर तिची गाडी सुसाट सुटायची. पण परीक्षेची घंटा झाली की हात गार पडायचे आणि डोकं रिकामं. पहिल्या चाचणीत शून्य मिळालं होतं. यात पुन्हा शून्य म्हणजे वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी त्याच भावाच्या वर्गात बसायचं. "ताई, तुझ्यासाठी खिडकीजवळचा बाक धरून ठेवतो हं," तो कालच म्हणाला होता. घरात सगळे हसले होते. तिने न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं होतं.

"वाच," सर म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

खरं सांगून टाकावं, असं तिने ठरवलं होतं. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"प्रश्न पहिला. वाळवंटात दिवसा उकाडा आणि रात्री थंडी का असते? कारण वाळू लवकर तापते आणि लवकर निवते. हवा कोरडी, वर ढगही नसतात. मग उष्णता अडवायला कोणी उरतच नाही."

आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. दुसरा प्रश्न झाला, तिसरा झाला. चौथ्याला ती अडखळली, तेव्हा सर नुसते थांबून राहिले. मध्येच तिने पान उलटल्यासारखंही केलं, आणि स्वतःच्या बेरकीपणाची तिला जास्तच धास्ती वाटली. पाचवा संपला. आता पळायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"पेपर दे इकडे."

सरांनी कागद घेतला, खिडकीकडे धरला, नाकाशी नेला. एक बाजू, मग दुसरी. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. आता मोठ्या बाई, मग बाबा, मग सगळी शाळा.

सरांनी मार्कांच्या यादीला नाक लावून आकडा लिहिला. "विसापैकी सतरा. चौथ्यात घोळ घातलास." मग त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. वर आपलं पेन ठेवलं. "बस त्या खुर्चीवर. आत्ता जे बोललीस ते सगळं लिहून काढ. चौथा चुकला तसाच लिही. घंटाबिंटा काही नाही. घाबरायचं काम सोमवारी माझ्याकडे आहे."

तिला खुर्ची दिसेना. "सर... पण तुम्हाला तर दिसत नाही ना?"

"अक्षरं दिसत नाहीत गं," सर म्हणाले. "कोरा कागद दिसतो."