एका तबकडीची दोन घरं

फाटकाशी येताच नाथाजी थबकले. त्यांच्या घरातून एक जुनं भावगीत ऐकू येत होतं, आणि तेच गाणं शेजारच्या वीरधवलच्या घरातूनही येत होतं. शेजारचं किंचित मागून. इकडे शब्द संपतो न संपतो तोच तिकडे उमटायचा, जणू कुणी हाकेला ओ देत होतं.

या आठवड्यात हे पुन्हा पुन्हा घडत होतं. फिरून परतावं आणि फाटकातच गाण्यानं गाठावं.

सुभेदार म्हणून निवृत्त होऊन नाथाजी साताऱ्यात राहायला आले, तेव्हा त्यांनी हौसेनं होम थिएटर घेतलं होतं. हॉलच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर, सोफ्यामागे धडधडणारा डबा. पण बायकोनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संयोगिताचा सगळा जीव माहेरहून आलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर. मागच्या खोलीत, खिडकीपाशी तो ठेवून ती सगळी संध्याकाळ तिथंच बसायची.

खरं सांगायचं तर नाथाजींना त्या प्लेअरचाही हेवा वाटायचा. आयुष्यभर सीमेवर राहिलेला नवरा एकदाचा घरी आलाय, आणि बायको फिरत्या तबकडीकडे बघून हसतेय, म्हणजे काय! शेवटी त्यांनी तोडगा काढला. गाणी तिची, आवाज आपला. प्लेअर होम थिएटरला जोडून टाकायचा.

"हॉलात न्हाई आणायचा," संयोगिता म्हणाली. "मला हितं खिडकीचं वारं लागतं."

तिथून हॉलपर्यंत वायर काही पोचेना. मग सांगलीत साऊंड सिस्टीमचं दुकान चालवणाऱ्या त्यांच्या भाचीनं, दीपमालानं, काड्यापेटीएवढं एक ब्लूटूथचं यंत्र पाठवलं. प्लेअरचा आवाज वायरीविना हॉलमध्ये पोचवणारं. नाथाजींनी गणपतीत ते प्लेअरला लावलं, बटणं दाबून पाहिली. निळा दिवा लुकलुकला, पण हॉल काही बोलेना. भाचीला फोन करून विचारणं सुभेदाराला कमीपणाचं वाटलं. यंत्र प्लेअरला तसंच लटकत राहिलं. "मला त्यातलं काय कळतंय?" म्हणत संयोगिता त्यावरची धूळ तेवढी पुसायची.

दिवाळीत वीरधवलनं होम थिएटर आणलं, तेही नाथाजींच्या दुप्पट. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, बायको वारलेली, पण सदऱ्याची इस्त्री अजून कडक. नाथाजींच्या पोटात तेव्हापासूनच दुखत होतं. आता तर त्यांना अन्न गोड लागेना.

"कुणासाठी लावलीयास गं रेकॉर्ड?" घरात शिरताच त्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी. दुसरं कोण ऐकतंय हितं?"

"बदल ती. दुसरी लाव."

तिनं मुकाट्यानं दुसरी लावली. आणि शेजारचं गाणंही बदललं.

नाथाजींच्या डोक्यात सणक गेली. खिडकीतून काही खुणा चालतात की काय? ते तसेच अनवाणी शेजारी गेले आणि दार धडाधडा वाजवलं.

"गाणं बंद कर, वीरधवल!"

"कसं करू?" वीरधवल शांतपणे बाजूला झाला. "मी लावलेलंच न्हाई. या, बघा तुमीच."

हॉलमध्ये कुठंच तबकडी नव्हती. होम थिएटरच्या पट्टीवर मात्र एक नाव झळकत होतं. दीपमालाच्या यंत्रावर छापलेलं, तेच.

"तुमच्या घरातलं गाणं माझ्या पेटीत शिरतंय, सुभेदार. आपोआप सुरू हुतंय. मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

नाथाजी बघतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. कुणावर संशय घेतला आपण? पोरं एकटीनं वाढवलेल्या बायकोवर! तिच्या पायावर डोकं ठेवावं असं त्यांना वाटलं. त्यांनी वीरधवलचा हात धरला आणि त्याला ओढतच घरी आणलं.

ऐकून संयोगितानं तोंडाला पदर लावला. "अगंबाई! आन् मला पत्ताच न्हाई!"

"ह्यापुढं रोज हिकडंच यायचं ऐकायला," नाथाजींनी वीरधवलला बजावलं. "चोरून न्हाई, हक्कानं."

वीरधवल रोज येऊ लागला. नाथाजींनी स्वतःच्या हातानं खिडकीपाशी दुसरी खुर्ची टाकली. त्या दोघांना गाण्यात सोडून ते निश्चिंत मनानं फिरायला जाऊ लागले. कितीतरी महिन्यांनी त्यांना शांत झोप लागत होती.

पुढच्या आठवड्यात औंधला यमाईचं दर्शन घेऊन दीपमाला साताऱ्यात आली. वीरधवल आलेलाच होता. चहाचे कप हातात आले, तसा नाथाजींनी सगळा किस्सा मीठमसाला लावून सांगितला, अनवाणी धावल्याचाही.

"मामा, लय भारी!" दीपमाला पोट धरून हसली. "थांबा, आता तुमच्याच हॉलला जोडून देते."

"राहू दे गं," संयोगिता म्हणाली. "चहा निवतोय."

"दोन मिनिटांचं काम हाय, मामी." दीपमालानं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "पर मामा, तुमी तर गणपतीतच ह्याचा नाद सोडला हुता न्हवं?"

"व्हय की. त्यानंतर म्या हात लावलेला न्हाई. आपोआपच गेलंय त्ये तिकडं."

"आपोआप जातच न्हाई ओ ह्ये. पयल्यांदा जुळवताना हितलं बटण आन् तिकडलं बटण एकाच टायमाला दाबून धरावं लागतंय. ह्यांची पेटी तर दिवाळीत आली." दीपमाला सरळ मनानं वळली. "मामी, तवा हितलं बटण कुणी धरलं हुतं?"