पडद्यावरचा हात

टीव्ही स्टुडिओचे कॅमेरे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सोल्डरिंगने बारीक भाग जोडणाऱ्या माईचा हात थरथरायला लागला. हात गेला म्हणजे नोकरी गेली. काम इतकं बारीक, की कॅमेऱ्याच्या भिंगाखालचा आपलाच हात समोरच्या पडद्यावर मोठा बघत करायचं.

पण पडद्यावरचा हात मुळीच थरथरत नव्हता.

"माई, कुठल्या डॉक्टरचं औषध घेता? एकही जोड कच्चा नाही!" तपासनीस म्हणाला.

माईने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरच्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना व्रण होता. तो तिचा नव्हता. तो आक्कांचा. तिला हे काम शिकवणाऱ्या आक्कांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"आक्का, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत," ती पुटपुटली आणि हातातलं सगळं बाजूला ठेवून तिने डोळ्यांना पदर लावला.

पडद्यावरचा हात काम करतच राहिला. जोड पुरा झाल्यावर तो तळवा वर करून थांबला, पुढचा भाग मागताना आक्का थांबायच्या तसाच.

भिंगाखाली टेबल रिकामं होतं. माईने पुढचा भाग तिथे धरला, आणि तिच्या बोटांना उबदार तळवा लागला.