डावी कड

मैदानाच्या डाव्या कडेचं गवत यंदा बोटभर उंच वाढलं होतं. बाकी सगळीकडे बुटांनी माती उघडी पडली होती. त्या कडेने धावणारा कॉलेजचा खेळाडू हंगामाच्या तोंडावर अपघातात गेला, आणि त्याच्या जागी कोचनी कुणालाच उतरवलं नव्हतं. प्रत्येक सामन्याला त्याचे वडील येऊन डाव्या रेषेपाशी बसत. त्यांच्या डोळ्यांदेखत ती जागा दुसऱ्याला द्यायची कुणाची छाती होत नव्हती.

संघ दहाजणांनिशी हरत राहिला. सवयीने चेंडू डावीकडे जाई आणि कुणाच्याही पायाला न लागता रेषेबाहेर घरंगळे. वडील तेवढ्यापुरते पुढे झुकत.

"कुणाला पास देतोस रे, भुताला?" समोरचा संघ हसे. इकडची पोरं खाली बघत.

आज शेवटचा सामना होता. हरले तर लीगमधून बाहेर. मध्यंतराला एका गोलने मागे होते.

"सर, आज तरी कुणाला उतरवा. पोरांचे पाय गळालेत," कॅप्टन म्हणाला.

"आणि त्याच्या वडिलांना कोण सांगणार? तू सांगतोस?"

कॅप्टनने डाव्या रेषेकडे पाहिलं. तेवढ्यात वडील स्वतःच उठले आणि पहिल्यांदाच रेषा ओलांडून आत आले. कोचनी मान खाली घातली.

"सर," ते म्हणाले, "दमला असेल हो तो. त्याला आता बाहेर घ्या."