खडूच्या तारखा

जर्मनीतल्या हार्त्झ डोंगरांमधल्या धरणाच्या पोटातल्या बोगद्यात काँक्रीटवरची भेग जिथे संपे, तिथे हेनिंगची बायको विबके खडूने रेघ मारून तारीख लिही. वीस वर्षं तिने तेच काम केलं. ती वारली, आणि आता भिंतीचे फोटो काढून यंत्रच भेगा मोजणार होतं. पण ते तिच्या अक्षरालाही भेगाच समजत होतं. “भिंत पुसावी लागेल, हेनिंग,” धरणावर त्याच्यासोबत काम करणारी रेनाटे म्हणाली. “यंत्राला शिकव की!” “शिकवून पाहिलं. ठोंब्या आहे ते. तारखांचे फोटो ठेव हवे तर.” “फोटो घरी ढीगभर आहेत तिचे.” “मग मी पुसते, तू वर जा.” “नको. मीच पुसतो.” मध्ये आडवी रेघ दिलेले तिचे सातचे आकडेही गेले. यंत्र पुन्हा फिरलं. “भेगा कमी झाल्या, भिंत सुधारली म्हणतंय,” रेनाटे हळूच म्हणाली. तिच्या खडूने पांढरा झालेला, बादलीवर धरलेला ओला स्पंज हेनिंगला काही केल्या पिळवेना.